विश्रामबागेतला फ्लॅट विकून गुहागरला घर घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही शाळेतून निवृत्त, वय साठीच्या आसपास, बायकोला रक्तदाबाची गोळी चालू. सांगलीत विश्रामबागेत दोन बेडरूमचा फ्लॅट, तो ५५ लाखांपर्यंत जाईल असा एजंटचा अंदाज. मुलगा पुण्यात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात फ्लॅटला पाणी लागलं नाही, पण सगळीकडून रस्ते बंद झाले तेव्हापासून गावावरून मन उडालं. आता गुहागरजवळच्या एका गावात पाच गुंठ्यांतलं ११०० चौरस फुटांचं, वीस वर्षांपूर्वीचं स्लॅबचं घर दाखवलंय. विहीर आहे, नारळ आहेत, समुद्र १५० मीटरवर. हद्द ग्रामपंचायतीची. मागणी ६८ लाख, त्यातले १५ लाख रोख, आणि आठ दिवसांत विसार द्या म्हणतात. घ्यावं का, तिथे कायमचं राहणं जमेल का, आणि दवाखान्याचं काय?

सर, आधी निकाल सांगतो, मग कारणं. हे घर या भावाला घेऊ नका. किनाऱ्यावर राहायचा विचार सोडायची गरज नाही, पण विश्रामबागेतला फ्लॅट विकून तर मुळीच नको, निदान पहिली दोन वर्षं नको.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी मालमत्तांचं मूल्यांकन करतो. काम मुख्यतः सांगली-मिरज-कुपवाडचं, पण आपल्याकडच्या लोकांनी रत्नागिरी, गुहागर, मालवणकडे घेतलेल्या घरांच्या फायलीही नेहमी येतात. त्या फायलींत एक गोष्ट सारखी दिसते. किनाऱ्यावरच्या घराचा भाव तिथे राहणाऱ्या माणसाच्या ऐपतीवर ठरत नाही. तो ठरतो मुंबई-पुण्याच्या सुट्टीवाल्यांच्या हौसेवर. त्यांना वर्षातून पंधरा दिवस समुद्र दिसायला हवा असतो, त्याचे ते पैसे मोजतात. तुम्हाला तिथे जून-जुलै काढायचाय, दवाखान्यात जायचंय, एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी हवंय. ज्या गोष्टीसाठी भाव चढलाय ती तुम्हाला फारशी उपयोगाची नाही, आणि तुम्हाला जे हवंय त्याला त्या भावात किंमतच नाही.

आता ६८ लाखांची फोड करू. आज तसलं घर नव्याने बांधायचं तर चौरस फुटाला २,००० रुपये धरा, म्हणजे २२ लाख. वीस वर्षांची घसारा-वजावट एक तृतीयांश धरली तरी घराची किंमत १५ लाखांच्या आत येते. खाऱ्या वाऱ्यातलं बांधकाम असेल तर त्याहूनही खाली. म्हणजे उरलेले ५३ लाख जमिनीचे. पाच गुंठ्यांना भागलं की गुंठ्याला साडेदहा लाखांच्या पुढे. हा भाव बांधकामयोग्य प्लॉटचा म्हणून लावलाय. पण ही जमीन बांधकामयोग्य आहे का? सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे.

समुद्रालगतच्या जमिनीला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, सगळे त्याला सीआरझेड म्हणतात. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आणि आता २०१९ ची. ग्रामीण भाग त्यात तिसऱ्या वर्गात येतो. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या दाट गावांना भरतीरेषेपासून ५० मीटरचा ना-विकास पट्टा आहे, म्हणजे तिथे साधारणपणे नवं बांधकाम चालत नाही. बाकीच्यांना २०० मीटर. नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेली कोकणातली गावं इतकी दाट क्वचितच असतात. तेव्हा तुमचं १५० मीटरवरचं घर ना-विकास पट्ट्यात आहे असंच धरून चला, जोवर कागद वेगळं सांगत नाही. या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, तीही असलेल्या जोत्याच्या आणि चटईक्षेत्राच्या आत. काही मुभा तिथल्या पिढीजात रहिवाशांना, कोळीबांधवांना आहे, सांगलीहून गेलेल्या तुम्हाला-मला नाही. म्हणजे उद्या घर वाढवायचं, किंवा मुलासाठी वर दोन खोल्या चढवायच्या म्हटल्या, तर वाट बंद. आणि मुळात वीस वर्षांपूर्वी हे घर परवानगी घेऊन बांधलं होतं का? नसेल तर दुरुस्तीची मुभाही टिकत नाही. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरची बांधकामं पाडण्याच्या नोटिसांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

हे १५० मीटर कुणी मोजलं तेही विचारा. बहुतेक वेळा एजंट पाण्याच्या कडेपासून पावलांनी मोजतो, आणि घर दाखवायला नेमकं ओहोटीला नेतो. कोकणात पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सपाट असेल तर ओहोटीला पाणी कितीतरी आत जातं. नियमातलं अंतर भरतीरेषेपासूनचं असतं, आणि ती रेषा मान्यताप्राप्त संस्थांनी आखून किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर दाखवलेली असते. त्यावर तुमचा गट नंबर बसवून बघायचा. १५० चे ११० झालेले मी पाहिलेत. शेजारी खाडी असेल तर तिचं अंतर वेगळं मोजतात. कांदळवन असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही बघावा लागतो. २०० ते ५०० मीटरमध्येही बांधकामाला अटी आहेत, ९ मीटर उंची आणि तळमजल्यावर एकच मजला. त्यामुळे ‘समुद्र दिसतो’ म्हणून जास्त पैसे द्यायचे, आणि तो दिसतो म्हणूनच तिथे काही करता येत नाही, असा हा उलटा व्यवहार आहे.

कागदांकडे वळू. विश्रामबागेत आपल्याला इंडेक्स टू, सोसायटीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला एवढ्यावर निभावतं. कोकणातला सातबारा हे निराळं प्रकरण. एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद झालेली नाही. वाटप तोंडी झालेलं असतं आणि प्रत्यक्षात सगळे गुण्यागोविंदाने खात असतात, जोपर्यंत विक्रीचा विषय निघत नाही तोपर्यंत. विकणारा म्हणतो, ‘हे आमच्या वाट्याचं.’ कागदावर ते सामाईक असतं. बहिणींची, आत्यांची हक्कसोडपत्रं नोंदणीकृत आहेत का ते बघा. मुंबईच्या भावाचं कुलमुखत्यारपत्र दाखवलं, तर तो भाऊ हयात आहे का हे त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून खात्री करून घ्या. देणारा गेला की मुखत्यारपत्र साधारणपणे तिथेच संपतं. ‘इतर हक्क’ हा रकाना भिंग लावून वाचा. कुळाचं नाव असू शकतं, कुळकायदा कलम ४३ चा शेरा असू शकतो, जमीन भोगवटादार वर्ग २ ची असू शकते. यातलं काहीही निघालं की विक्रीला परवानगी, नजराणा, नाहीतर ठरावीक रकमेचा भरणा यांची भानगड आलीच. फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, मागे जाऊन १९५० पर्यंत काढा, कारण खोती संपली आणि कुळकायदा आला तो हाच काळ, आणि तिकडचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

दुसरं, हे पाच गुंठे शेतजमीन आहेत की बिनशेती? शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर तासगाव-पलूसकडे कुठे सातबारा असेल तर प्रश्न सुटतो. तो नसेल तर ‘आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. शिवाय पाच गुंठे हा मोठ्या गटातला तुकडा असेल तर तुकडेबंदीची, म्हणजे ठरावीक आकाराहून लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीची, अडचण उभी राहते. तिचे नियम अलीकडे बरेच बदललेत, तेव्हा दुय्यम निबंधकांकडे गट नंबर घेऊनच विचारायचं. एजंट तुम्हाला ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, दाखवेल, घरपट्टीच्या पावत्यांची चळत दाखवेल. घरपट्टी भरली म्हणून घराची मालकी सिद्ध होत नाही, आणि ते घर अधिकृतही ठरत नाही.

आता गडगा. तिकडे जमिनीची हद्द म्हणजे जांभ्याच्या दगडांची रचलेली भिंत, तिला गडगा म्हणतात. तुम्हाला गडग्याच्या आतलं सगळं दाखवतात आणि आपण मान डोलावतो. भूमी अभिलेखची मोजणी लावली की कळतं, गडगा चार हात शेजाऱ्यात गेलाय, नाहीतर विहीरच बाहेर पडलीय. हद्दकायम मोजणी विकणाऱ्याच्या खर्चाने, खरेदीआधी, शेजाऱ्यांना नोटिसा देऊन झालीच पाहिजे. त्याच वेळी वाट बघा. घरापर्यंत गाडी जाते, पण कुणाच्या जमिनीतून? किनाऱ्यालगतच्या वाड्यांत कितीतरी रस्ते नुसत्या सलोख्यावर चालतात. मूळ मालकाला तो सोडत होता, कारण ते भावकीतले. ‘घाटावरचे’ आले की त्याच वाटेवर चिरे, म्हणजे जांभ्याचे दगड, आडवे पडतात. शेतीसाठी तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली रस्ता मागता येतो हे खरं, पण निवृत्तीनंतरचा छंद म्हणून तहसील कचेरी नको. वाट खरेदीखतात लिहून घ्या, ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्या सहीने.

घर स्लॅबचं आहे म्हणालात. मला कौलारू असतं तर जास्त बरं वाटलं असतं. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं खाऱ्या हवेत पिढ्या काढतात, निकृष्ट काँक्रीट वीस वर्षांत दात दाखवतं. त्या काळात त्या पट्ट्यात खाडीची वाळू नीट न धुता सर्रास वापरली जायची. वाळूतलं मीठ काँक्रीटबरोबर आत जातं आणि सळई आतून गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. तपासणी सोपी आहे. लाकडी मुठीची छोटी हातोडी घ्या, स्लॅबच्या खालून, विशेषतः न्हाणीघर, सज्जा आणि पश्चिमेची खोली इथे हलके ठोकत जा. ठण् असा भरीव आवाज आला तर ठीक. डब् असा पोकळ आवाज आला तर तिथे काँक्रीट सळईपासून सुटलंय. बीमच्या खालच्या कडेला सळईच्याच रेषेत सरळ लांब चीर दिसली, तर नुकता मारलेला रंग बघून भुलू नका. ताजा रंग आणि तोही फक्त छताला असेल, तर शंका आणखी वाढली पाहिजे. भारतीय मानक ४५६ नुसार किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम-३० ही मजबुतीची प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागतं. लाटांचे तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. वीस वर्षांपूर्वी गावच्या गवंड्याने बांधलेल्या घरात हे असेल अशी आशा धरू नका. पुढे कधी नवीन बांधलंत तर एवढे दोन आकडे ठेकेदाराच्या करारात घाला. पायाच्या बाबतीत मात्र तिकडे सुख आहे. आपल्या काळ्या मातीसारखी ती जमीन उन्हाळ्यात भेगाळत नाही आणि पावसात फुगत नाही. जांभ्यावर पाया लवकर आणि स्वस्तात बसतो.

बाकी खारं वारं काय खातं ते तिथल्या माणसालाच विचारा. बिजागऱ्या, गॅसची शेगडी, एसीचं बाहेरचं यंत्र, इन्व्हर्टरची टोकं, स्कूटरचा सायलेन्सर. रेलिंगला साधं ३०४ प्रतीचं स्टील लावलं तर त्यावरही तपकिरी डाग पडतात, ३१६ लागतं आणि ते महाग. देखभालीचा खर्च सांगलीच्या घराच्या दुपटीने धरा.

पावसाचं गणित तर आपल्या डोक्यात बसतच नाही. सांगलीत वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३,००० च्या वर. तो सरळ पडत नाही, आडवा येतो. त्याला झड म्हणतात, आणि पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून लोक झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, नाहीतर प्लास्टिक बांधतात. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, आणि तुम्हा दोघांकडे पुस्तकं बरीच असणार. वीज जाते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या झोपवल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, तेव्हा सिंधुदुर्गातली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, कारण उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. तुमच्या घराची विहीर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चाखून बघा, डिसेंबरात नव्हे. वाळूच्या जमिनीत शौचालयाची टाकी विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आहे का तेही मोजा.

पुराला कंटाळून जाताय, म्हणून हेही सांगतो. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. सांगलीवाडी, मारुती चौक, शामरावनगर बुडालं, आणि नंतर लोक विश्रामबाग-मिरज रस्त्याकडे सरकले. तुमच्या फ्लॅटला आज जी किंमत आहे त्यात कोरडं राहण्याचा वाटा मोठा आहे. आणि जुलै २०२१ मध्ये ज्या आठवड्यात आपल्याकडे पाणी चढत होतं, त्याच आठवड्यात वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ गिळली. गुहागरहून तुमचा बाजार, बँक, रेल्वे, सगळं चिपळूणच. पंचेचाळीस किलोमीटर.

दवाखान्याचा मुद्दा तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलात, माझ्या मते तो पहिला यायला हवा. कोकणातले पेशंट घाट चढून मिरजेला येतात, पिढ्यान्‌पिढ्या येतायत. तुम्ही मिरज पंधरा मिनिटांवर असताना घाट उतरून निघालात. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय चांगलं आहे, रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालंय, पण गुहागरच्या वाडीतून रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागेल हे एकदा प्रत्यक्ष गाडी चालवून बघा. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात दरड आली की कराडकडचा रस्ता गेला. मॅडमना रक्तदाबाची गोळी चालू आहे असं लिहिलंय. मी त्यांचा भाऊ असतो तर हाच मुद्दा धरून बसलो असतो.

तिथली माणसं चांगली आहेत, भाषेचा अडसर नाही, हवा आहे, शांतता आहे. मे महिन्यात आणि नाताळात ती शांतता नसते. मासे खात असाल तर मजा, मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. भाजी मात्र घाटावरूनच येते, सांगली-कोल्हापूरची वांगी तुम्ही तिथे जास्त भावाने घ्याल.

मग करायचं काय? फ्लॅट ठेवा. भाड्याने दिलात तर आपल्याकडे किमतीच्या अडीच-तीन टक्के वर्षाला सुटतात, म्हणजे ५५ लाखांवर महिना बारा-तेरा हजार. तेवढ्यात रत्नागिरी शहरात किंवा गुहागरमध्ये चांगलं घर भाड्याने मिळण्यासारखं आहे, हंगाम सोडून विचारलं तर. जूनमध्ये जा, दिवाळीपर्यंत राहा. सामान थोडंच न्या, एक खोली फ्लॅटमध्ये कुलूपबंद ठेवून बाकीचा भाग देता येतो का बघा. तेवढ्या काळात कुठल्या वाडीत पाणी असतं, कुठे रेंज येते, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं आपोआप कळतं. नंतरही तिथेच राहावंसं वाटलं तर माझी पसंती रत्नागिरी शहरात, नगरपरिषदेच्या हद्दीत, समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत. नळाचं पाणी, दवाखाना, परवानगी असलेली इमारत, आणि आंबा घाटाने सांगलीला थेट रस्ता. भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी रिक्षाने जाता येतं. अशा फ्लॅटला बँक कर्ज देते आणि पुढे गिऱ्हाईकही मिळतं. याला महत्त्व आहे. मूल्यांकनाच्या अहवालात आम्ही बाजारभावाबरोबर सक्तीच्या विक्रीची किंमतही लिहितो, म्हणजे घाईत विकावं लागलं तर हाती काय येईल. विश्रामबागेत या दोन आकड्यांत फार अंतर नसतं. ना-विकास पट्ट्यातल्या घराच्या अहवालात दुसरा आकडा लिहिताना पेन अडतं, कारण कर्जाने घेणारं गिऱ्हाईकच नसतं.

फ्लॅट पुढे कधी विकलाच तर कराचं आधी सीएंकडून बघून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा महागाईची वजावट घेऊन २० टक्के, यातला कमी येईल तो पर्याय तुम्हाला आहे. नफा दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते. विकत घ्यायचं तर दोन वर्षांत, बांधायचं तर तीन वर्षांत, आणि तोवर पैसे भांडवली नफ्याच्या खास बँक खात्यात. नुसती वाडी घेतली, घर बांधलंच नाही, तर सूट नाही. खरेदी मॅडमच्या एकटीच्या नावाने केली तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण तुमचा नफा तुमच्या नावाचा असेल तर घर कोणाच्या नावाने घ्यायचं हा प्रश्न त्या करसवलतीला अडवू शकतो, तोही सीएंनाच विचारा. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३०,०००.

आणि ते १५ लाख रोख. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने मनाई आहे, आणि खरेदीखतात न दिसणारा रुपया करसवलतीतही धरला जात नाही. व्यवहार फिसकटला तर तो परत मागायला कागद नाही. आयुष्यभर पगार बँकेत घेतलेल्या माणसाने हे करू नये.

आठ दिवसांत विसार देऊ नका. त्यांना सांगा, १९५० पासूनचे फेरफार, सगळ्या हिस्सेदारांच्या संमती, बांधकाम परवानगी आणि गट नंबर बसवलेला सीआरझेडचा नकाशा द्या, मोजणी लावा, मग नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करू आणि विसार चेकने देऊ. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतील. असेल तर त्याला देऊ द्या. कागद आलेच, तर सातबारा आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मला पाठवा, पण ६८ लाखांवर तेव्हाही बसायचं नाही. पट्ट्यातलं घर असेल तर जमीन बागायतीच्या भावाने आणि घर दुरुस्तीचा खर्च वजा करून धरायचं, मग बोलणी कुठून सुरू करायची ते सांगतो.